अंगठे भरपूर, पेरा शून्य

प्रश्न : आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बहुतेक सगळे शेतकरी आहेत. सोयाबीन बीबीएफवर (रुंद वरंबा-सरी पद्धतीनं) पेरा म्हणून दोन हंगाम माहिती, व्हिडिओ टाकतोय. अंगठे भरपूर येतात, पेरत कुणी नाही. तेच 'डीएपी खत संपलं' अशी अफवा आली की तासाभरात दुकानापुढे रांग. असं का?
– एक वाचक, औसा तालुका, जि. लातूर

उत्तर : अंगठ्याला पैसे पडत नाहीत, म्हणून!

डीएपीची बातमी खोटी निघाली तर फार तर एक खेप वाया जाते. ती एकाच्या तोंडून ऐकली तरी पुरते. बीबीएफचं तसं नाही. पिकाच्या चार ओळींमागे सरी मोकळी सोडली की घरातले म्हणणार, जागा वाया घातली. बांधावरून जाणारा विचारणार, 'पेरणी चुकली का रे?' जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, उघडिपीत ओल टिकते, हे दिसायला ऑगस्ट उजाडतो. तोवर ऐकून घ्यायचं. अशा कामाला माणूस एकट्याच्या सांगण्यावरून हात घालत नाही. आपल्यातल्याच दोघा-तिघांनी केलेलं त्याला दिसावं लागतं.

हे काही मराठवाड्याचंच दुखणं नाही. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या दोन गावांतल्या २५९ शेतकऱ्यांना ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी तेव्हा नव्या असलेल्या संकरित मक्याबद्दल विचारलं. तो अभ्यास १९४३ मध्ये छापून आला. बियाण्याची पहिली खबर सर्वाधिक जणांना विक्रेत्याकडून मिळाली होती. पेरायचं ठरलं ते सर्वाधिक जणांचं शेजाऱ्यांच्या शब्दावर, तेही आधी थोड्याच रानात. मका चांगला असूनही सगळ्यांपर्यंत पोचायला दहा-बारा वर्षं गेली. पुढे डेमन सेंटोला या समाजशास्त्रज्ञानं इंटरनेटवर एक प्रयोग केला, तो २०१० मध्ये छापून आला. ओळखी एकमेकांत गुंतलेल्या गटांत ५४ टक्के लोकांनी आरोग्याच्या एका नव्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं, विखुरलेल्या ओळखींच्या गटांत ३८ टक्क्यांनी.

आपण नेमकं उलटं करतो. प्रात्यक्षिक म्हटलं की रस्त्याकडेचं, बड्या बागायतदाराचं रान. फलक लागतो, फोटो निघतात आणि बघणारा म्हणतो, 'त्याचं काय, त्याला जमतं.' पाच गावांत एकेक प्लॉट घेतला की पाच जण एकेकटे पडतात.

तेव्हा ग्रुपवरचे व्हिडिओ कमी करा. बांधाला बांध लागून असलेले चौघे धरा, शक्यतो भाऊबंद किंवा इर्जिकीतले, म्हणजे एकमेकांच्या रानात कामाला जाणारे. प्रत्येकी एकच एकर. चौघांनी एकदम केलं की टोमणेसुद्धा चौघांत वाटले जातात. आणि ट्रॅक्टरवाल्याला विसरू नका. भाड्याने पेरणी करणारा तोच. 'सेटिंग बदलायला वेळ जातो' म्हणून तो नाही म्हणाला तर शेतकऱ्याची तयारी तिथेच मोडते. चौघांचं काम सलग मिळणार असेल तर तो यंत्र एकदाच जुळवेल. त्याच्याशी मे महिन्यातच बोलून घ्या. पाऊस पडल्यावर तो कुणाचाच फोन उचलत नाही.