नॉर्वेजियन अक्षरं टाइप करताना

नॉर्वेजियन शिकायला घेतलंय, तर कीबोर्डची सवय पहिल्या दिवसापासूनच लावा. इंग्रजीत नसलेली तीन अक्षरं त्यात आहेत: æ, ø आणि å. तिरकी रेघ मारलेल्या 'ओ'च्या (ø) जागी साधा 'ओ' टाकून भागवू नका. ते 'झेड'नंतर येणारं स्वतंत्र अक्षर आहे. विंडोजमध्ये नॉर्वेजियन लेआउट (बटणांची मांडणी) जोडा. 'एल'च्या उजवीकडची दोन बटणं (ø, æ) आणि 'पी'शेजारचं एक (å), एवढंच बोटांना शिकवायचं. ø साठी ऑल्ट धरून ०२४८ दाबायची युक्ती कधीमधी ठीक.

फाइल मात्र यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्येच (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत) सेव्ह करा. त्यात या तिन्ही अक्षरांना प्रत्येकी दोन बाइट लागतात, आयएसओ ८८५९-१ या जुन्या एन्कोडिंगमध्ये एकच. म्हणून यूटीएफ-८ फाइल जुन्या पद्धतीने उघडली की एका अक्षराच्या जागी दोन विचित्र चिन्हं दिसतात. तेव्हा हाताने दुरुस्त्या करत बसू नका, सेव्ह तर मुळीच करू नका; आधी एन्कोडिंग बदलून पाहा.

सगळ्यात छळतो तो डोक्यावर वर्तुळ असलेला 'ए' (å). युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात) तो एकसंधही लिहिता येतो, किंवा साधा 'ए' आणि वर्तुळ असा जोडूनही. दिसायला तंतोतंत सारखे, पण शोध घेताना एक टाइप केला तर दुसरा सापडेलच असं नाही. शब्दसूची बनवणार असाल तर सगळा मजकूर आधी एनएफसी रूपात, म्हणजे युनिकोडच्या एकसंध अक्षरांच्या रूपात आणा. रेघवाल्या 'ओ'चे असे तुकडे होत नाहीत.