दोन बदामी छटांमधली निवड

शेडकार्डावरच्या बोटभर पट्टीवरून भिंतीचा रंग ठरवू नका. दोन्ही छटांचे छोटे सॅम्पल डबे आणा. जुन्या भिंतीवर थेट लावलात तर खालचा रंग फसवतो, म्हणून दोन बाय दोन फुटांच्या पांढऱ्या पुठ्ठ्यांवर प्रत्येकी दोन हात मारा. इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) ओलं असताना फिकं दिसतं, वाळल्यावर गडद होतं. पुण्याच्या पावसाळ्यात तर पूर्ण एक दिवस जाऊ द्या.

मग दोन्ही पुठ्ठ्यांच्या मध्ये कोरा पांढरा कागद धरा. एरवी सारख्याच वाटणाऱ्या छटांची झाक लगेच उघडी पडते: एक गुलाबीकडे झुकते, दुसरी पिवळ्याकडे. इथे फरशी विसरू नका! हिरवट कोटा दगडाची असेल तर तिच्याशेजारी गुलाबी झाक जास्तच उठून दिसते. तिथे मी पिवळसर छटाच सुचवेन.

पुठ्ठे उभेच ठेवा, आडवे नकोत, आणि सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर पाहा. उत्तरेच्या खिडकीत बदामी राखाडी पडतो, पश्चिमेच्या उन्हात संध्याकाळी दोन्ही केशरी होतात. पेठेत समोरची इमारत हाताच्या अंतरावर असेल तर तिच्या भिंतीचा रंगही आत उतरतो. बल्ब ६५०० केल्विनचा (पांढरा) की ३०००चा (पिवळसर), हे आधी ठरवा. एका दिव्याखाली जुळलेल्या छटा दुसऱ्याखाली वेगळ्या दिसू शकतात.

रंग घेताना पूर्ण खोलीचा एकदमच मिसळून घ्या आणि लावण्याआधी सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. डब्याडब्यात किंचित फरक असतो, तो नेमका भिंतीच्या मध्यावर दिसतो.