रिपोर्टचं दुसरं पान मागून घ्या

सासऱ्यांना फ्लू ए पॉझिटिव्ह, ओसेल्टामिविर ही फ्लूची गोळी चालू, तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि पाचव्या दिवशी छाती पुन्हा भरली. घरचे म्हणतात गोळी लागू पडली नाही. तुमचं हे वाचलं आणि दोन वर्षांपूर्वीचा आमचा जानेवारी आठवला. तेव्हा आईचं काहीसं असंच झालं होतं.

मी डॉक्टर नाही, औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण गोळीला दोष देण्याआधी सोबत दुसरा विषाणू आहे का ते बघा. ओसेल्टामिविर फ्लूचं न्यूरामिनिडेज हे एन्झाइम अडवतं, त्यामुळे नवे विषाणू पेशीला चिकटून राहतात, पुढे पसरत नाहीत. आरएसव्ही म्हणजे लहान मुलांची आणि म्हाताऱ्यांची छाती धरणारा दुसरा विषाणू, त्याच्याकडे हे एन्झाइमच नाही, कोरोनाकडेही नाही. त्यांच्यावर ती गोळी काय करणार?

आईच्या नाकातल्या स्वॅबचं आम्ही काही हजार मोजून पूर्ण पॅनल, म्हणजे एकाच वेळी बरेच विषाणू शोधणारी तपासणी, केलं होतं. लॅबने व्हॉट्सॲपवर एका पानाचा फोटो पाठवला: इन्फ्लुएंझा ए, डिटेक्टेड. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'पान १/२' होतं, ते मी पाहिलंच नाही. पाच दिवसांचा कोर्स संपला, आईचा ताप गेला, थोडा खोकला राहिला. मीच म्हटलं, आता घे नातवाला. तो नऊ महिन्यांचा. चौथ्या रात्री श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखाली खळगे पडायला लागले. इंदिरानगरहून रिक्षाने निघालो तेव्हा तो दूधही ओढत नव्हता. बालरोगतज्ज्ञांनी आजीचा रिपोर्ट मागितला, तेव्हा लॅबला फोन केला. काउंटरवरच्या बाई दोनदा म्हणाल्या, "रिपोर्ट दिलाय ना तुम्हाला." शेवटी भाऊ जाऊन पान घेऊन आला. त्यावर आरएसव्ही, डिटेक्टेड. बाळ सहा दिवस ऑक्सिजनवर होतं. त्या लॅबवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

दोन विषाणू म्हणजे आजार दुप्पट, असं मात्र धरू नका. एक शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाची इशारा देणारी प्रथिनं सोडतात, शेजारच्या पेशी सावध होतात आणि दुसऱ्याला जागा मिळणं अवघड होतं. २००९ मध्ये फ्रान्स-स्वीडनमध्ये सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसमुळे स्वाइन फ्लूची लाट लांबली असावी, असं तिथल्या संशोधकांचं म्हणणं होतं. उलट ग्लासगोच्या संशोधकांना २०२२ मध्ये दिसलं की फ्लू ए आणि आरएसव्ही एकाच पेशीत वाढले तर दोघांचे भाग असलेले संकरित कण बनतात आणि ते फ्लूच्या अँटिबॉडींना चकवतात. हे प्रयोगशाळेतल्या पेशींमधलं आहे, घाबरून जाऊ नका. औषधाने एकाला दाबलं की दुसऱ्याला मोकळं रान मिळू शकतं, असंही गणिती मॉडेलं सांगतात. तरी फ्लूची गोळी मनाने बंद करू नका. ती पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर सर्वांत उपयोगी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस कमी लागतो, तेवढं डॉक्टरांना आठवणीने सांगा.

ताप उतरून पुन्हा चढला तर जिवाणूंचा न्यूमोनियाही असू शकतो, त्यामुळे एक्स-रे टाळू नका. मात्र नुसता खोकला दिसला की मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक आणायची आपल्याकडची सवय मला अजिबात पटत नाही, विषाणूवर त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि ऑक्सिमीटर लावण्याआधी सासऱ्यांचे हात चोळून गरम करा, नाशिकच्या पहाटेच्या थंडीत गार बोटांवर आकडा खोटाच कमी दिसतो. गरम बोटांवरही ९४ च्या खाली असेल तर सकाळची वाट बघू नका.

घरात दीड वर्षाची मुलगी आहे असं लिहिलंयत. गोळ्या संपल्या तरी खोकला आहे तोवर तिला आजोबांच्या खोलीत जाऊ देऊ नका.