यादी त्यांच्या खुर्चीवरून पुढे गेली

प्रश्न : ताई, सलाम. आम्ही परदेशात राहतो. आमच्या शहरात मराठी ख्रिस्ती कुटुंबांची महिन्यातून एकदा प्रार्थनासभा असते, आळीपाळीने एकेकाच्या घरी. चार महिन्यांपासून एक नवं जोडपं येतंय. पहिल्याच दिवशी त्यांना ‘मूळचे कुठले, कुठल्या मिशनचे, आधीचं आडनाव काय’ हे सगळं विचारून झालं. परवा पुढच्या सभा कुणाकडे त्याची यादी फिरली, तेव्हा कागद त्यांच्या हातात न देता पलीकडच्या खुर्चीकडे गेला. माझी १६ वर्षांची मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, “त्यांना का नाही विचारलं?” खोली चिडीचूप. घरी आल्यावर हे म्हणाले, “इथे जेमतेम १५ घरं आपली, त्यात वितुष्ट नको, हिने माफी मागावी.” मला ते पटत नाही, पण यांचंही अगदीच चूक वाटत नाही. काय करू?

उत्तर : सलाम. माफी नको. मुलीने प्रश्न विचारला, अपमान कुणाचा केला नाही. तुमच्या मिस्टरांची भीती मात्र मला कळते. परक्या देशात ही १५ घरंच गणगोत, अर्ध्या रात्री दार ठोठवायचं तर त्यांचंच. फक्त त्यांची मोजणी चुकली आहे. घरं १६ आहेत, आणि सोळावं कुणाच्या हिशेबातच नाही.

‘कुठल्या मिशनचे?’ किती साळसूद प्रश्न! विचारणारा म्हणतो, ओळख काढतोय. ओळख काढायला गावाचं नाव पुरतं. जुनं आडनाव कशासाठी लागतं ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे, सोयरिकी जुळवताना आपल्यातही हा हिशेब चालतोच. तिकडे भारतात १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेला दलित अनुसूचित जातीत धरला जात नाही. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये तो हक्क मिळाला, ख्रिस्ती माणसाला नाही. म्हणजे सरकारी कागदावरून जात गेली आणि तुमच्या सभेच्या कागदावर राहिली. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढून बघा. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला मानाची जागा, गरिबाला ‘तू तिथे उभा राहा’. तो प्रसंगही बसण्याच्या जागेवरूनच घडलाय.

आता बोलायचं कसं? अशा वेळी बहुतेक जण नीतिसूत्रांतला ३१ वा अध्याय काढतात, मुक्यासाठी तोंड उघड. मला मार्कच्या दहाव्या अध्यायातला आंधळा बार्तीमय जास्त कामाचा वाटतो. तो मुका नव्हताच. रस्त्याच्या कडेला बसून हाका मारत होता, आणि ‘गप्प बस’ म्हणून दटावणारे येशूबरोबरच्या गर्दीतलेच होते. येशूने त्याला बोलावून घेतलं आणि विचारलं, तुझ्यासाठी मी काय करू? आंधळ्याला काय हवं असणार हे उघड होतं, तरी विचारलं. तुमच्या लेकीचं तेवढंच राहून गेलं. चारचौघांत हा विषय निघावा असं त्या दोघांना वाटत होतं का, हे त्यांना कुणीच विचारलेलं नाही.

तेव्हा आधी त्यांच्याकडे जा, मिस्टरांना घेऊन. ‘आम्ही नाही हो जातपात मानत’ हे वाक्य तोंडातून काढू नका, ते ऐकून त्यांचे कान किटले असतील. एवढंच सांगा : कागद पुढे गेला ते आम्ही पाहिलं आणि बोललो नाही. मग ऐका. ‘जाऊ द्या’ म्हणाले तर त्यांचं नाव कुठेही घेऊ नका. पण जुन्या आडनावाची चौकशी थांबवा, हे तुम्ही स्वतःच्या नावाने सांगू शकताच. त्यासाठी मत्तयच्या अठराव्या अध्यायातला क्रम चांगला आहे : आधी यादी करणाऱ्याला एकट्याला गाठून, मग एकदोघांना बरोबर घेऊन, मग मंडळीपुढे. पाळकसाहेबांना पहिल्याच दिवशी लांबलचक ईमेल नको. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नकोच नको.

मिस्टर अडून बसले तर पंडिता रमाबाईंचा विषय काढा. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात बायकांना कशी वागणूक मिळते, हे त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून उघड केलं. राज्य त्यांच्याच धर्माच्या लोकांचं होतं, आणि दुष्काळातून आणलेल्या कितीतरी मुली त्यांच्या आसऱ्याला होत्या. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं. वितुष्टाची धास्ती बाईंनी घेतली असती तरी कुणी नावं ठेवली नसती.

यादीत तुमचा महिना कोणता आहे? त्या दोघांना सभा घ्यायची हौस असेल तर तो त्यांना द्या. त्या दिवशी मुलीला घेऊन वेळेआधी पोहोचा, खुर्च्या मांडू लागा आणि पुढच्या रांगेत बसा.