चोरगणपतीतला ‘चोर’ कोण?

अकोल्याहून लग्न होऊन सांगलीत आलेल्या एका ताईंनी विचारलंय: ‘गणेशचतुर्थीला तीन दिवस असताना सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, “देवळात चोर आला बरं का.” मी दचकलेच. मग कळलं, चोर गणपती! चतुर्थीच्या आधीच गुपचूप गणपतीच्या देवळात आणून बसवतात ती मूर्ती. देवाला चोर का म्हणायचं? मूर्ती कधी चोरून आणली होती का? की चतुर्थीच्या चंद्राशी आणि चोरीच्या आळाशी याचा काही संबंध आहे? आणि शब्द जोडून लिहायचा की तोडून?’

ताई, दचकलात ते बरं झालं. आम्ही सांगलीकर लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळं आमच्या कानाला यात काही खटकतच नाही.

आधी चंद्राचं निकालात काढू. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्र बघितला की चोरीचा आळ येतो, कृष्णावर स्यमंतक मण्याचा आला तसा, ही समजूत आहेच. पण चोरगणपती बसतो प्रतिपदेला. पिठोरी अमावस्या नुकती सरलेली असते, आभाळात चंद्र दिसायचा प्रश्नच नसतो. तेव्हा हा धागा जुळत नाही.

मूर्ती चोरून आणल्याचंही मनातून काढा. (चोरून आणलेलं रोप हमखास लागतं, असं आपल्याकडं म्हणतात खरं. पण ते तुळशीपुरतं आणि मोगऱ्यापुरतं.) चोरगणपती बसतो ते सांगलीतलं कृष्णाकाठचं गणपतीचं देऊळ थोरले चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी बांधलं. १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळं होऊन त्यांनी सांगलीचं संस्थान उभं केलं, आणि गणपती हे पटवर्धनांचं कुलदैवत. राजाच्या घरच्या देवाला चोरून आणायची वेळ कशाला येईल?

घोटाळा होतो तो असा, की ‘चोर’ म्हटलं की आपल्याला माणूस दिसतो. संस्कृतात ‘चुर्’ धातूचा अर्थ चोरी करणं एवढाच. त्याच्यावरून धातूंच्या दहाव्या गणाला चुरादिगण हे नावही पडलं. मराठीत मात्र हा शब्द चोरीच्या पलीकडं बराच पसरला. चोरवाट कुणी चोरलेली नसते. चोरदरवाजा, चोरकप्पा, रायगडावरची चोरदिंडी, सगळीकडं अर्थ एकच: सहज दिसू नये असं. आमच्या आजोबांच्या कोपरीला आतल्या अंगानं चोरखिसा होता. पैसे त्यांचेच, कोपरी त्यांचीच, चोरीचं त्यात काहीच नाही.

क्रियापदाचंही तेच. माणूस अंग चोरून बसतो, नजर चोरतो. आणि सगळ्यात छान उदाहरण गोठ्यातलं आहे. चुलत्यांच्या गोठ्यात धार काढणारा गडी बदलला की म्हस हटकून नखरे करायची. कासेला हात लावला की पाय झाडायची, मग चार चिळकांड्या देऊन थांबायची. चुलती दारातूनच ओरडायची, “पान्हा चोराय लागलीय, रेडकू सोडा आधी!” रेडकू लुचायला लागलं की दूध उतरायचं. आता बघा, दूध तिचं, कास तिची. स्वतःचंच दूध ती चोरते, म्हणजे आत राखून ठेवते. या ‘चोरणे’ला दुसरा मराठी शब्द घालून बघा, सापडायचा नाही.

देवाधर्माच्या शब्दांत खरा चोरही आहे, नाही असं नाही. मुहूर्त काढताना पंचकं बघतात. मृत्यू, अग्नी, राज, चोर आणि रोग. त्यातल्या चोरपंचकात भीती चोरीचीच असते. पण ते ज्योतिषाचं गणित. घरातल्या बायकांच्या बोलण्यातला ‘चोर’ वेगळा आहे, आणि तुमच्या सासूबाई त्याच बोलीत बोलल्या.

तुम्ही चोरओटी ऐकली असेल. दिवस गेलेल्या मुलीची तिसऱ्या महिन्यात भरतात ती. बहुतेक घरांत फक्त जवळच्या दोन-तीन बायका असतात. माझ्या बहिणीची चोरओटी मला आठवते ती स्वयंपाकघराच्या लोटलेल्या दारामुळं. आत मावशी, आत्या आणि आई. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू आणि हिरव्या बांगड्या, बस्स. मी पाणी प्यायला आत डोकावलो तर मावशीनं पदरानं ताट झाकलं आणि मला बाहेर पिटाळलं. पुढं सातव्या महिन्यात तिचंच डोहाळजेवण झालं तेव्हा अंगणात मांडव होता, झोपाळ्याला फुलं होती आणि फोटोवाला होता. जुन्या बायका चोरचोळी म्हणतात तीही याच जातीची, गर्भारशीला गुपचूप दिलेली चोळी.

म्हणजे उघड, वाजतगाजत व्हायचं ते पुढं. त्याच्या आधी चार भिंतींत, आवाज न करता एकदा करून घ्यायचं ते ‘चोर’. माझ्या मते चोरगणपतीतला ‘चोर’ हाच आहे. चतुर्थीला गणपती घरोघर ढोलताशात येणार असतो. त्याच्या तीन दिवस आधी, बाजारात मखरांचे ढीग लागत असताना, हा चोरपावलांनी येऊन देवळात बसतो. मिरवणूक नाही, गुलाल नाही. मूर्ती कागदाच्या लगद्याची, त्यामुळं वजनाला हलकी. तिचं विसर्जनही करत नाहीत, नीट जपून ठेवतात. पाचव्या दिवशी संस्थानचा गणपती निघतो तेव्हा गर्दीत उभं राहायला जागा नसते. या पाहुण्याच्या येण्याजाण्याला मात्र फारसे साक्षीदारच नसतात.

कुणी म्हणेल, मग ‘गुप्त गणपती’ का नाही? गुप्त नवरात्र म्हणतातच की, आषाढातल्या आणि माघातल्या. पण ‘गुप्त’ हा पंचांगातला, पोथीतला शब्द. त्यात काहीतरी गूढ, साधनेचं असल्यासारखं वाटतं. ‘चोर’मध्ये पायांची चाहूल आहे आणि थोडी लाडीगोडीही आहे. गुपचूप स्वयंपाकघरात शिरून लाडू पळवणाऱ्या नातवाला आजी ‘चोर कुठला’ म्हणते, तो सूर. देवाला चोर म्हणायला जीभ कचरत नाही ती यामुळंच. ‘चोरटा गणपती’ म्हणून बघा बरं, सासूबाई लगेच डोळे वटारतील.

राहिला जोडणी-तोडणीचा प्रश्न. वर्तमानपत्रं सर्रास ‘चोर गणपती’ तोडून छापतात, आणि तुम्ही दचकलात त्यात त्या मोकळ्या जागेचाही वाटा आहे. सुटा ‘चोर’ वाचला की तो माणूस होतो. चोरवाट, चोरखिसा, चोरओटी आपण जोडून लिहितो, मग ‘चोरगणपती’ही एकच शब्द. सासूबाई नुसतंच ‘चोर आला’ म्हणतात त्याला मात्र व्याकरणाचा इलाज नाही. पुढच्या प्रतिपदेला शेजारीण विचारायच्या आत तुम्हीच कुंपणावरून सांगून टाका.