साराजेव्होत पुन्हा त्याच दारात

प्रश्न : बोस्नियाच्या राजधानीत, साराजेव्होला गेलात की तुम्ही बाश्चार्शिया या जुन्या बाजारातल्या एकाच खाणावळीत जेवता, असं लिहिलं होतंत. आम्ही शाकाहारी, आमचं तिथे भागेल का?

उत्तर : अगदी पोटभर! मी जाते तीच मुळी झेल्यानित्सासाठी. पालक आणि चीज भरलेली पातळ पारी गुंडाळून, वर निखारे पसरलेल्या लोखंडी झाकणाखाली भाजतात. कडा कुरकुरीत, आत मऊ. सोबत दही मागाच, पेल्यातून प्यायचं. बटाट्याची हवी तर क्रोम्पिरुशा. बुरेक मात्र नको, त्यात मांस असतं, बहुधा गोमांस. मालकीणबाई आता मला ओळखतात. पाऊस असला की आधी चुलीजवळची खुर्ची ओढून देतात, मगच काय हवं ते विचारतात. शेवटी तांब्याच्या, लांब दांडीच्या भांड्यातली कॉफी घ्या. गाळ खाली बसू द्या, घाई करू नका.