पहिलं वटवाघूळ ओळखताना

सुरुवात भारतीय मोठ्या फलाहारी वटवाघळापासून करा. वड, पिंपळ, चिंचेवर ते दिवसा उघडं लटकतं; ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरे. कोल्ह्यासारखं तोंड, मानेभोवती तांबूस-पिवळसर केस, पंखांचा विस्तार मीटरभराहून जास्त. शेपटी नसतेच, हे नीट बघा. कानांना पांढरी कड दिसली तर ते आखूड नाकाचं लहान फलाहारी वटवाघूळ.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- संध्याकाळी उडताना आकारावरून जात ठरवणं. अंदाज हमखास चुकतो. तेव्हा फक्त संख्या मोजा, ओळख दिवसा पटवा.
- टाळ्या वाजवून उडवणं. उन्हाळ्यात तर मुळीच नको, उष्म्याने ती आधीच बेजार असतात.
- पडलेलं हाताने उचलणं. वन विभागाला कळवा.

बॅट डिटेक्टर (वटवाघळांचे माणसाला ऐकू न येणारे आवाज ऐकवणारं यंत्र) इतक्यात घेऊ नका. मोठ्या फलाहारी वटवाघळाची ही जात प्रतिध्वनीवर नाही, डोळ्यांवर आणि वासावर चालते.